झांबिया की काँगो? तांब्याचे टन मोजून नक्की काय कळतं

नागपूरकर
मंडळी, दोन शेजारी, तांब्याचा पट्टा एकच, मधे फक्त सरहद्द. झांबियाने 1969 ला सात लाख टनांच्या वर तांबं काढलं आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष काउंडांनी खाणींचा 51 टक्के हिस्सा सरकारकडे घ्यायचं जाहीर केलं, पुढे 2000 पर्यंत उत्पादन अडीच लाखांवर आलं. काँगोने 2002 ला नवा खाण कायदा केला, बाहेरच्या कंपन्या आल्या, 2013 मधे झांबियाला मागे टाकलं, 2023 ला तर 28 लाखांच्या घरात. झांबिया तेव्हाही सातच लाखांच्या आसपास. सरकारने खाण चालवायला घेतली की ती बसते, माझं मत स्पष्ट आहे. पटत नसेल तर आकडे घेऊन या.

रुळावरून
आकडे बरोबर, जोडणी चुकली. 1970 ला मुफुलिराच्या खाणीत गाळ घुसून 89 माणसं गेली तरी 1976 ला उत्पादन सात लाखांच्या जवळच होतं हो! म्हणजे सरकारकडे येऊन सहा-सात वर्षं झाली तरी खाण बसलेली नव्हती. बसली ती कशाने ते बघा, 1973 ला दक्षिणेच्या ऱ्होडेशियाची (आताचा झिम्बाब्वे) सरहद्द बंद, 1974 च्या मध्यानंतर तांब्याचा भाव निम्म्याहून खाली, 1975 ला अंगोलातल्या युद्धाने तिथल्या बंदराकडे जाणारी बेंग्वेला रेल्वे बंद, समुद्र नसलेल्या देशाने माल न्यायचा कुठून? राहिली ती चिन्यांनी बांधून दिलेली ताझारा रेल्वे, 1860 किमी, टांझानियातल्या दार-एस-सलाम बंदरापर्यंत. पैसाच येईना म्हटल्यावर स्पेअर पार्ट कुठले आणि नवी खोदाई कुठली.

आणि काँगोची गोष्ट तुम्ही अर्ध्यातून सुरू केलीत. तिथे 1967 लाच तांबं काढणारी अख्खी खाण कंपनी सरकारी झाली, तरी ऐंशीच्या दशकात पावणेपाच लाख टन निघत होतं. 1990 ला कामोटोची खाण कोसळली, 1992-93 ला कटांगा या खाणींच्या प्रांतातून कसाई प्रांतातल्या लोकांना हुसकावलं, त्यात खाणीतले कसबी कामगार कितीतरी होते. नंतर उत्पादन चाळीस हजारांच्याही खाली. एवढं तळाला गेल्यावर तिथून वाढ मोठी दिसणारच.

नागपूरकर
1976 चा मुद्दा मान्य, माझं वाक्य घाईचं होतं. पण काँगोचा हुकूमशहा मोबुटूने ती कंपनी स्वतःची तिजोरी असल्यासारखी वापरली, हे सरकारी मालकीमुळेच शक्य झालं ना? आणि झांबियात सरकारने खाणी खाजगी कंपन्यांना विकल्यावर, 2000 नंतरच्या 13 वर्षांत अडीच लाखांचे साडेसात लाख झाले, ते विसरू नका.

साधा प्रश्न
मधे बोलतो. काँगोतल्या कामोआ-काकुला खाणीच्या खनिजात तांबं 5 टक्क्यांच्या आसपास, झांबियातल्या कान्सांशी खाणीत 1 टक्क्याच्या आसपास. तेवढाच दगड फोडून एकाला पाचपट माल मिळतो, मग यात मालक सरकारी की खाजगी हे कसं वेगळं काढणार? जमिनीचं श्रेय कायद्याला देऊ नका.

कित्वे रिटर्न
मी काँट्रॅक्टवर तीन वर्षं झांबियातल्या कित्वे या खाणींच्या शहरात होतो, खाणी विकल्यानंतरच्या काळात. नागपूरकर, साडेसात लाख टन निघाले हे खरंय पण सरकारी कंपनी होती तेव्हा दवाखाना, शाळा, पाणी, रस्त्यावरचे दिवे सगळं खाणीचं होतं, विकताना ते कोणाच्याच गळ्यात राहिलं नाही. रॉयल्टी, म्हणजे काढलेल्या मालावर सरकारला द्यायचा वाटा, किती ठरली होती माहितीय? 0.6 टक्के!! भाव चढला म्हणून 2008 ला सरकारने जादा टॅक्स लावला तर तो पुढच्याच वर्षी मागे घ्यावा लागला. टन वाढले, पण गावाच्या वाट्याला काय आलं तेही मोजा.

नागपूरकर
रॉयल्टी कमी ठेवली ही करार करणाऱ्याची चूक, खाजगीकरणाची नाही. पण त्या कामगारांना राहती घरं तरी मिळाली ना?

कित्वे रिटर्न
मिळाली, खूप जणांना नोकरी सुटतानाच्या हिशोबात घरच लावून दिलं. माझे शेजारी तसेच, घर स्वतःचं, पगार बंद, मागच्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या आणि पाणी दिवसाआड. सकाळी मी निघायचो तेव्हा ते फाटकाशी उभे असायचे आणि रोज विचारायचे, खाणीवर भरती आहे का.