केनियात चॅरिटी मॅरेथॉन: वर्गणी कशी मागावी, बॅगेत काय न्यावं?

घोडबंदरकर
मंडळी, ठाण्यातून आम्ही सात जण जूनमधल्या लेवा सफारी मॅरेथॉनला (केनियातलं लेवा हे गेंड्यांसाठीचं अभयारण्य) जायचं म्हणतोय, हाफसाठी म्हणजे २१ किमीसाठी. टूरवाला सांगतो, प्रत्येकी दोन लाख ‘चॅरिटी फंड’ जमवा, विमान आणि राहणं त्यातच बसवतो. शिवाय एका अनाथाश्रमात अर्धा दिवस, तिथल्या मुलांना जुने बूट वाटायचे. सोसायटीत वर्गणी मागण्याआधी विचारून घेतो: यात काही खटकतंय का?

हिशेबनीस वाशी
खटकतंय ते ‘त्यातच बसवतो’ हेच. शेजारी गेंड्यांसाठी पैसे देणार आणि त्यातून तुमचं तिकीट निघणार, हे त्यांना आधी सांगितलं नाहीत तर ती फसवणूकच. प्रवासखर्च सगळा स्वतःच्या खिशातून करा. टूरवाल्याकडून लेखी घ्या: दोन लाखांतले संस्थेला किती, कधी, आणि पावती कोणाच्या नावाने.

वर्गणी स्वतःच्या खात्यात गोळा करू नका. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात एकूण ५०,००० रुपयांच्या वर रक्कम आली की ती सगळीच तुमचं करपात्र उत्पन्न ठरू शकते. देणाऱ्याने थेट संस्थेच्या पानावर भरावं. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर ८०जीची (देणगीवरची आयकर) सवलत नाही, हेही आधीच सांगून टाका. मार्चअखेरीस पावती मागायला दारात उभे राहतात लोक.

येऊर पहाटे
अनाथाश्रमाची भेट सरळ काढून टाका. अशा ठिकाणी पाहुण्यांच्या पैशावर संस्था चालते, म्हणून मुलं घरी न पाठवता तिथेच ठेवली जातात. कित्येकांचे आईवडील जिवंत असतात. अर्ध्या दिवसाच्या ओळखीने मुलांचं काहीच भलं होत नाही. फोटो तर नकोतच.

बूटही तिथल्या एखाद्या संस्थेने मागितले तरच, तेही त्यांनी कळवलेल्या मापांचे. टाच झिजलेले बूट म्हणजे आपला कचरा त्यांच्या दारात. मुळात ही शर्यत २००० सालापासून वन्यजीव संवर्धनासाठीच होते आणि तिचा निधी आसपासच्या शाळा-दवाखान्यांपर्यंतही जातो. वेगळं पुण्य शोधायची गरज नाही.

पामबीच २१
आता बॅग. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. कायद्यात २० ते ४० लाख केनियन शिलिंग दंड किंवा कैद आहे. इथेच आपले धावपटू फसतात: पहाटे थंडी वाजू नये म्हणून स्टार्टला कचऱ्याची काळी पिशवी अंगावर चढवायची सवय. ती इथेच ठेवा, जुना फुल बाह्यांचा टीशर्ट न्या. ड्यूटी फ्रीची पिशवीही नको. कपडे कापडी पिशव्यांत भरा. २०२० पासून संरक्षित क्षेत्रांत एकदा वापरून फेकायच्या बाटल्या-कपही बंद आहेत, तेव्हा पाण्याची बाटली घरूनच. धावताना खायच्या एनर्जी जेलच्या पाकिटाचं फाडलेलं टोक रस्त्यावर पडतं आणि जनावराच्या पोटात जातं. टोक पूर्ण न तोडता अर्धवट फाडा, रिकामं पाकीट चेनच्या खिशात.

बुटांचे तळवे ब्रशने, साबणाच्या पाण्याने घासा. येऊरची माती आणि मोज्यात रुतलेली कुसळं, म्हणजे आपल्याकडची बीजं, तिकडे जायला नकोत. जूनमधल्या ठाण्यात बूट वाळत नाहीत, हे विसरू नका: आत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवा आणि ओलं झालं की कागद बदला. निघायच्या तीन दिवस आधीच धुतलेले बरे.

घोडबंदरकर
आभारी आहे. लस आणि उंचीचं काय?

येऊर पहाटे
पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्या. प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून लागू होतं. त्याशिवाय परतलात तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकतं. साठीच्या पुढचे कोणी असतील तर आधी डॉक्टर. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच वेळी विचारा. ईटीए (केनियाचा प्रवेश परवाना) ऑनलाइन, आधीच.

लेवा साधारण १,७०० मीटरवर, कच्ची धुळीची वाट, चढउतार भरपूर. ठाण्याच्या वेगापेक्षा किलोमीटरमागे निदान २०-३० सेकंद जास्त धरा. हाफ एकच फेरी आहे, फुलवाले तीच दोनदा मारतात. जनावरांवर हेलिकॉप्टर आणि सशस्त्र रेंजर लक्ष ठेवून असतात, पण ते शर्यतीपुरतं. आदल्या दिवशी ‘जरा पाय मोकळे करतो’ म्हणून कुंपणाबाहेर एकटं धावायचं नाही.

हिशेबनीस वाशी
मुंबई-नैरोबी थेट विमान मिळालं तर आखाती थांब्याचं स्वस्त तिकीट घेऊ नका. इंधन टेक-ऑफला जास्त जळतं, शिवाय अंतरही वाढतं. पॅकेजवर कापलेला टीसीएस (टूरवाल्याने आधीच घेतलेला आयकर) रिटर्नमध्ये वळता करून घ्या.