मदत हवी आहे: भावावर ड्रंक अँड ड्राइव्हची केस, एजंट म्हणतो "कबूल करून टाका"

वाचनमात्र_ताई

नमस्कार. एरवी फक्त वाचत असते. पहिल्यांदाच धागा काढतेय आणि तोही असल्या कारणासाठी. ओळखीत कुणाला विचारायची सोय नाही. आईला अजून "गाडीच्या कागदांचा घोळ आहे" एवढंच सांगितलंय.

धाकटा भाऊ, वय २८. मागच्या शनिवारी रात्री मित्राच्या गाडीतून परत येत होता, चालवत होता हाच. नाकाबंदीत मशीनमध्ये फुंकायला लावलं, आकडा आला ८६. इथवर चूक त्याचीच, त्यावर वाद नाही. पण मग शेजारी बसलेला मित्र (गाडी त्याची) उतरला. हवालदार मोबाइलवर शूटिंग करत होते, त्यांच्या हाताला त्या मित्राने झटका दिला आणि मोबाइल पडला. भाऊ म्हणतो, "मी त्याला मागे ओढत होतो." पोलीस म्हणतात, दोघांनी मिळून धक्काबुक्की केली.

रात्र लॉकअपमध्ये गेली. रविवारी सुट्टीच्या कोर्टात उभं केलं, जातमुचलका आणि एक जामीनदार यावर सुटला. जामीनदार मीच. एफआयआरमध्ये मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ आणि भारतीय न्याय संहितेची १३२ आणि ३(५) ही कलमं आहेत. लायसन्स जप्त, गाडी पोलीस स्टेशनच्या आवारात उभी.

कोर्टाबाहेर एक एजंट भेटला. म्हणाला, "दहा हजार दंड, कबूल करून टाका, एका तारखेत विषय संपला." खरंच संपतो का? दुसरं म्हणजे, भावाची मेडिकल पकडल्यापासून जवळजवळ तीन तासांनी झाली. एक नातेवाईक म्हणतात, दोन तासांच्या आत नाही झाली म्हणजे केस उडाली. तिसरं, त्याचा पासपोर्ट डिसेंबरमध्ये संपतोय आणि बाहेरच्या नोकरीचं बोलणं चालू आहे. झोप उडालीय, म्हणून सगळं एकदम लिहिलं, माफ करा.

काळाकोट

ताई, फौजदारी वकिली करतो, पण तुमचे कागद पाहिलेले नाहीत. तेव्हा हा सल्ला नव्हे, दिशा समजा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तुमच्या घरात सगळे दारूबद्दल बोलत असतील, पण या एफआयआरमधलं जड कलम दारूचं नाहीच. १८५ ला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा जामीनपात्र आहे. १३२ म्हणजे सरकारी नोकराला कर्तव्यापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर, जुन्या भारतीय दंड विधानातलं ३५३. दोन वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र (पोलीस विनावॉरंट अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने नाही, कोर्टाने दिला तरच). रात्र लॉकअपमध्ये गेली ती बहुधा या कलमापायी. आणि ३(५) म्हणजे जुनं ३४, सामाईक इरादा. झटका मित्राने दिला असला तरी भावाला त्यात ओढणारा धागा तोच आहे.

आता एजंट. १८५ हे ई-चलान नव्हे. मोटार वाहन कायद्याच्याच कलम २०० खाली जे गुन्हे तडजोडीने, जागेवर पैसे भरून मिटतात त्या यादीत १८५ नाही, ते कोर्टातच जातं. कोर्टात कबूल केलं की जी पावती मिळते ती दंडाची असली तरी तिच्यामागे दोषसिद्धी असते. शिवाय कलम २० पाहा: १८५ मध्ये दोषी ठरवलं की कोर्टाने किमान सहा महिने लायसन्ससाठी अपात्र ठरवायचंच आहे. एजंट हे सांगत नाही, कारण त्याची फी त्या दिवसाची असते. पुढच्या वेळी (देव न करो) १५,००० किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पूर्वी आधीच्या गुन्ह्यापासून तीन वर्षांच्या आत दुसरा घडला तरच वाढीव शिक्षा होती, २०१९ च्या दुरुस्तीने ती अट काढून टाकली. म्हणजे आजची कबुली दहा वर्षांनीही मोजली जाऊ शकते.

कबूल करूच नका असंही मी म्हणत नाही. पुरावा स्वच्छ असेल तर १८५ कबूल करणं कधीकधी शहाणपणाचं असतं. अनेक ठिकाणी दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद, एवढ्यावर भागतं. पण ते १३२ चं काय होतंय हे पाहून, वकिलाने कागद वाचल्यावर. आणि "दोन्ही एकदम कबूल करा" असं कुणी म्हणालं तर उठून बाहेर या.

रिकामटेकडा_रामराया

८६ म्हणजे ३० च्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट. वर पोलिसाच्या अंगावर जायचं आणि मग धागे काढायचे. भोगू द्या की. रस्त्यावर आमचीही पोरं असतात.

वाचनमात्र_ताई

रामराया, राग समजतो. मीही त्याला दोन दिवस बोलले नाही. पण जामीनदार म्हणून सही माझी आहे, त्यामुळे समजून घेणं भाग आहे.

धुरकट_काच

मी कबूल करून मोकळा झालेला माणूस आहे, म्हणून लिहितो. तेव्हा दंड दोन हजार होता, २०१९ च्या आधीची गोष्ट. अर्ध्या तासात बाहेर आलो, वडापाव खाल्ला, विसरलो. चार वर्षांनी व्हिसाचा फॉर्म भरताना प्रश्न आला: तुम्हाला कधी अटक झाली आहे का, कधी दोषी ठरवलं आहे का. स्क्रीनवर 'होय' आणि 'नाही' असे दोन गोल. मी त्या दोन गोलांकडे किती वेळ बघत बसलो असेन सांगता येत नाही. 'होय' केलं, निकालपत्राची प्रमाणित प्रत शोधायला जुन्या कोर्टात तीन खेपा घातल्या, मुलाखतीत उत्तरं दिली, व्हिसा उशिरा मिळाला. माझ्याबरोबरच्या एकाने 'नाही' केलं होतं. त्याचं पुढे काय झालं ते लिहीत नाही, पण तो आता इथेच असतो.

ताई, सगळ्या कागदांच्या प्रमाणित प्रती आत्ताच काढून ठेवा. आणि मशीनची ती पावती असेल तर आजच्या आज झेरॉक्स करा. थर्मल कागद असतो, एटीएमच्या पावतीसारखा. उन्हात, प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवला की अक्षरं उडतात.

वाचनमात्र_ताई

आत्ता उठून बघितली. भावाच्या पाकिटात चार घड्या घालून ठेवली होती. ८६ दिसतंय, वेळेचा पहिला आकडा दिसतोय, पुढचे पुसट झालेत. लगेच फोटो काढला. धन्यवाद, खरंच.

काळाकोट, मेडिकलच्या दोन तासांचं सांगाल का?

काळाकोट

पावतीचं चांगलं सुचवलंत, धुरकट_काच. मूळ प्रत पोलिसांच्या कागदांत असणारच, तरी आपल्याकडची जपायची.

दोन तासांबद्दल. कलम २०२ म्हणतं, १८५ साठी अटक केली तर अटकेपासून दोन तासांत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर त्याला कोठडीतून सोडायचं. नीट वाचा, *कोठडीतून सोडायचं*. केस आपोआप रद्द होते असं तिथे लिहिलेलं नाही. बचावात हा मुद्दा घेता येतो आणि घ्यावाच, पण त्यावर घर बांधू नका. शिवाय तुमच्या केसमध्ये अटक १३२ खालीही आहे, म्हणजे पोलीस म्हणतील की कोठडीला वेगळं कारण होतं.

त्यापेक्षा वेळा जुळवून बघा. पावतीवरची वेळ, अटक पंचनाम्यातली वेळ, डॉक्टरांच्या कागदावरची वेळ, स्टेशन डायरीतली नोंद. रक्त घेतलं असेल तर नमुना सीलबंद कधी झाला आणि प्रयोगशाळेत कधी पोचला. सीए रिपोर्ट (रक्ताचा रासायनिक तपासणी अहवाल) यायला वेळ लागतो, तो आल्यावर आकडा किती ते बघायचं. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. साधारण माणसाचं शरीर तासाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास उतरवतं. ८६ खरं असेल तर तीन तासांनी घेतलेल्या रक्तातही ४० च्या आगेमागे सापडणार. त्यामुळे "उशिरा घेतलं म्हणून सुटलो" हे गणित इथे फारसं जमत नाही.

आणि कुणी "फुंकायला नकार द्यायचा होता" असं शिकवत असेल तर तेही सोडा. नकारासाठीही विनावॉरंट अटक होते, आणि कलम २०५ खाली सबळ कारणाशिवाय दिलेला नकार आरोपीच्याच विरोधात धरता येतो.

आरटीओची_पायरी

लायसन्सबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. हे दोन वेगळे रस्ते आहेत आणि लोक नेहमी गल्लत करतात. कोर्टाचा रस्ता वर आलाच. दुसरा आरटीओचा: पोलिसांनी जप्त केलेलं लायसन्स कलम २०६(४) खाली तिकडे पाठवलं की कलम १९ खाली नोटीस येते, म्हणणं मांडायला बोलावतात, आणि पहिल्या वेळी तीन महिने निलंबन होऊ शकतं. दुसऱ्या वेळी लायसन्सच रद्द. कोर्टाची तारीख लांब आहे म्हणून आरटीओची नोटीस टेबलावर पडू देऊ नका. तिथे हजर राहून लेखी म्हणणं द्यायचं असतं.

निलंबनाच्या काळात "फक्त ऑफिसपर्यंत" म्हणून स्कूटर काढली तर कलम १८२: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. हे मी उगाच लिहीत नाही. असे पकडलेले लोक रोज बघतो.

धुरकट_काच

पासपोर्टचं: कोर्टात फौजदारी केस प्रलंबित असताना पासपोर्ट कायद्याच्या कलम ६(२)(एफ) खाली अडवतात. पण वाट आहे. ज्या कोर्टात केस आहे तिथे परवानगीचा अर्ज करायचा. १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे कोर्टाने मुदत ठरवून दिली नाही तर साधारण एक वर्षाचा पासपोर्ट मिळतो. डिसेंबर जवळ आला की धावपळ होईल, आत्ताच वकिलाला सांगा. फॉर्ममध्ये केस लपवू नका, पोलीस व्हेरिफिकेशनला ती निघतेच.

रिकामटेकडा_रामराया

माझा प्रतिसाद तिखट होता, मागे घेत नाही, पण एक उपयोगाचं सांगतो. रस्त्यात कुणी आलं असतं तर हीच केस कुठे गेली असती ते भावाला सांगा. बेदरकार चालवणं न्याय संहितेचं २८१, कुणाला लागलं तर १२५, मेलं तर १०६, त्यात पाच वर्षांपर्यंत. आणि दारू पिऊन चालवलं तर काय होऊ शकतं याची जाणीव होती असं कोर्टाने धरलं तर १०५, सदोष मनुष्यवध. २००६ मध्ये मुंबईत कार्टर रोडला फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली गेले. खालच्या कोर्टाने निष्काळजीपणा धरून सहा महिने दिले होते. हायकोर्टाने सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षं केली आणि २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. विम्याचंही बघा. चालकाने दारू घेतली असेल तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम कंपनी नाकारते.

वाचनमात्र_ताई

रामराया, तुमचा हा प्रतिसाद त्याला वाचायला दिला. काही बोलला नाही, मोबाइल परत देऊन बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

काल वकिलांना भेटलो. चार्जशीट अजून दाखल नाही. त्यांनीही तेच सांगितलं, १८५ आणि १३२ वेगळे ठेवायचे. हवालदारांनी शूटिंग केलंय ना, मग त्या व्हिडिओची प्रत चार्जशीटसोबत मागायची. भाऊ खरंच ओढत असेल तर ते त्यातच दिसेल, आणि धक्का देत असेल तर तेही. भावाला तीनदा विचारलं, "नक्की ना?" तो म्हणाला, "नक्की," पण तिसऱ्या वेळी जरा थांबून.

मित्राचे वडील म्हणतात, हवालदारांना भेटून माफी मागू, मिटवून घेऊ. हे चालतं का?

काळाकोट

अजिबात नको. एक, १३२ हे आपसात मिटवता येणारं कलम नाही. मागे घ्यायचंच तर हायकोर्टात बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, फौजदारी प्रक्रियेचा कायदा) ५२८ खाली एफआयआर रद्द करायचा अर्ज करावा लागतो, आणि पोलिसावरच्या हल्ल्यात हायकोर्ट सहजासहजी हात घालत नाही. दोन, तुमचा भाऊ जामिनावर आहे. साक्षीदाराला घरी जाऊन भेटला तर उद्या सरकारी वकील "साक्षीदारावर दबाव" म्हणून जामीन रद्द करायला उभे राहतील, आणि जामीनदार तुम्ही आहात. माफी मागायची असेल तर ती कोर्टासमोर, वकिलामार्फत.

मित्राचा वकील आणि भावाचा वकील वेगळा ठेवा. आज दोघांची दोस्ती आहे. व्हिडिओ चालू झाल्यावर दोघांचं हित एक राहीलच असं नाही. फीचा प्रश्न असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाऊन विचारा, हेल्पलाइन १५१००.

वाचनमात्र_ताई

हे वेगळ्या वकिलाचं डोक्यातच आलं नव्हतं, दोघांना एकच ठरत होता. आज फोन करून थांबवते.

शेवटचं एक. गाडी सोडवायचा अर्ज मित्राच्या नावाने करायचा म्हणतात, सुपुर्दनामा (जप्त गाडी हमीवर मालकाच्या ताब्यात देणं). आरसी डिजिलॉकरवर आहे, मूळ स्मार्टकार्ड त्याला सापडत नाहीये. चालेल का?

आरटीओची_पायरी

रस्त्यावर तपासणीला डिजिलॉकर चालतं. सुपुर्दनाम्याला कोर्टाचा कारकून मूळ मागतो, असा माझा अनुभव. डिजिलॉकरची छापील प्रत, विम्याचे कागद, मालकाचं आधार न्या आणि मालकाला स्वतः उभं करा. कार्ड हरवलंच असेल तर डुप्लिकेटचा अर्ज आजच टाका. पाऊस लागायच्या आत गाडी काढा, आवारात उभ्या गाड्यांची बॅटरी पहिली जाते.

वाचनमात्र_ताई

कार्ड सापडलं. त्याच गाडीच्या डॅशबोर्डमध्ये आहे म्हणे.