मदत हवी आहे: नववीच्या मराठी कृतिपत्रिकेत (म्हणजे प्रश्नपत्रिकेत) बदल कसे करावेत?

नमस्कार सर, मॅडम. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात नववीला मराठी शिकवते. वर्गात अध्ययन अक्षमता (वाचण्या-लिहिण्यात कायमची अडचण) असलेले दोन विद्यार्थी आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता येते. परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा वेळ मी देतेच, पण तेवढ्यानं भागत नाही.

त्यातल्या एकाला उतारा वाचता वाचता ओळच सापडत नाही. कोऱ्या कागदाची पट्टी ओळीखाली धरायला दिली, तेव्हा कुठे तो परिच्छेदाच्या शेवटी पोचला. एक कविता मी वाचून दाखवली तर म्हणाला, "मॅडम, थ्या बाईले पावसाचं भेव नाई, कर्जाचं हाय." अख्ख्या वर्गात हे कोणाला सुचलं नव्हतं! कागदावर मात्र त्याचे दोनच शब्द उमटले.

उतारा छोटा करून मोठ्या अक्षरात देणं, कठीण शब्दांचे अर्थ शेजारीच छापणं एवढं जमलंय. अडलंय रसग्रहण (कवितेतलं सौंदर्य उलगडून सांगणं) आणि स्वमताशी (स्वतःचं मत मांडणं). तोंडी उत्तर घेतलं तर गुण कसे द्यायचे? वऱ्हाडीत सांगितलं तर पूर्ण गुण द्यावेत, असं मला मनापासून वाटतं. पर्याय दिले तर त्याचा स्वतःचा विचारच हरवतो.

कोणी अशी कृतिपत्रिका केली असेल तर नमुना पाठवा. चाचणी पुढच्या आठवड्यात आहे.