मदत हवी आहे : राजधातू, राजवायू आणि ‘नोबल’चा तिसरा वापर

नमस्कार,

मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी धातूंच्या क्षरणावर (गंजण्या-झिजण्यावर) एक टिपण लिहीत असताना मी ‘नोबल’ (noble) या एका इंग्रजी शब्दाच्या मराठी प्रतिशब्दापाशी अडलो आहे.

शालेय पाठ्यपुस्तकांतून दोन संज्ञा रुळलेल्या आहेत. सोने, प्लॅटिनम इत्यादी राजधातू, आणि हेलिअम, निऑन, झेनॉन इत्यादी राजवायू. १९६२ मध्ये नील बार्टलेट यांनी झेनॉनचे संयुग तयार केल्यापासून ‘निष्क्रिय वायू’ हे नाव तसेही अपुरे पडते. राजा सहसा कोणात मिसळत नाही, एवढेच ‘राजवायू’ सुचवतो आणि ते मला पटते.

अडचण आहे ती क्षरणशास्त्रात, कारण तेथे ‘नोबल’ हा वर्ग नसून तुलना आहे. समुद्राच्या पाण्यात पोलाद तांब्याला जोडलेले असेल तर तांबे अधिक ‘नोबल’ ठरते आणि पोलाद झिजते. तेच पोलाद जस्ताला जोडले की पोलाद ‘नोबल’ ठरते आणि जस्त झिजते, म्हणूनच जहाजांच्या पोलादी बुडाला जस्ताचे ठोकळे बसवतात. आता पोलादाला राजधातू कसे म्हणावे? ‘जस्तापेक्षा उदात्त’ म्हटले तर विडंबन वाटते, शिवाय ‘उदात्त’ ही वेदपठणातील स्वराची संज्ञा आहेच.

‘कमी क्रियाशील’ हा पर्याय सरळ वाटला होता, पण टायटॅनिअमने तो मोडीत काढला. हा धातू मुळात बराच क्रियाशील आहे, तरीही पृष्ठभागावरील ऑक्साइडच्या पातळ, चिवट थरामुळे समुद्राच्या पाण्यातील गॅल्व्हानिक श्रेणीत (जोडीत कोणता धातू झिजेल हे सांगणाऱ्या क्रमवारीत) तो ‘नोबल’ टोकाजवळ बसतो. ‘क्षरणरोधी’ म्हणावे तर जोडीतील दुसऱ्या धातूचा संदर्भच नाहीसा होतो.

जाता जाता एक उपप्रश्न : घनावस्था भौतिकीत तांबे, चांदी आणि सोने या तिघांनाही ‘नोबल’ म्हणतात, रसायनशास्त्रात मात्र तांब्याबाबत एकमत नाही. अशा वेळी तांब्याला राजधातू म्हणून तळटीप द्यावी काय?

(नोबेल पारितोषिकाचा येथे संबंध नाही, ते आडनाव आहे.)

तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात हा विषय मराठीतून समजावणाऱ्यांनी कृपया सांगावे, की ‘पोलाद जस्तापेक्षा अधिक…’ हे वाक्य आपण वर्गात कसे पूर्ण करता?