बागेत लेटरबॉक्सिंगचा डबा: पावसाळ्यात टिकेल का?

प्रश्न: लेटरबॉक्सिंग म्हणजे खुणांवरून लपवलेला डबा शोधून त्यातला शिक्का आपल्या वहीत आणि आपला शिक्का डब्यातल्या वहीत उमटवायचा खेळ. त्यासाठी सिडकोतल्या बागेत डबा लपवायचाय. आत वही आणि रबरी शिक्का. डबा कोणता घ्यावा? शिक्का घरी कोरता येतो का?

उत्तर १: चार बाजूंनी क्लिप आणि झाकणात रबरी रिंग असलेला ५०० मिलीचा डबा घ्या. पाणी बहुतेकदा रिंगेत अडकलेल्या पिशवीच्या टोकामुळे शिरतं. वही आणि शिक्का वेगवेगळ्या झिपच्या पिशव्यांत ठेवा. लोणच्याचा जुना डबा नकोच, मुंग्या लागतात.

उत्तर २: शिक्क्याला मोठा खोडरबर पुरतो. बटर पेपरवर पेन्सिलीने चित्र काढा, पालथं घालून नखाने घासा. अक्षरं आपोआप उलटी उमटतात. कटर बाहेरच्या बाजूला तिरका धरा. रेघेखाली पोखरलं तर कड दोन-चार ठशांत तुटते. शाईचा पॅड डब्यात नको, शोधणारा आपला आणतो.

उत्तर ३: आधी उद्यानाची परवानगी काढा. बेवारस डबा दिसला की पोलीस येणारच! पारदर्शक डबा घेऊन वर ‘खेळाचा डबा’ असं मराठीत लिहा. खणू नका, मुळांच्या बेचक्यात ठेवा. दिशा होकायंत्राने देणार असाल तर लोखंडी बाकापासून दोन-तीन मीटर लांब उभं राहून मोजा, काटा फिरतो.

प्रश्नकर्ता: वहीत जेल पेन चालेल?

उत्तर २: ओल लागली की पसरतं. पेन्सिलच.