जीटीए ६ : बाटलीतले बुडबुडे मोजून झाले असतील तर मिशनबद्दल बोलूया का?

चकवा :

परवा, ६ नोव्हेंबर २०२५ला, रॉकस्टार कंपनीने आपला जीटीए ६ (ग्रँड थेफ्ट ऑटो) हा व्हिडिओ गेम पुन्हा पुढे ढकलला. आधी २०२५ म्हणाले, मग २६ मे २०२६, आता १९ नोव्हेंबर २०२६. तारखेवरून गळे काढायला दुसरे धागे आहेत, इथे नको. मला वेगळंच खुपतंय.

मे महिन्यात दुसरा ट्रेलर आला तेव्हापासून आपण काय करतोय? गेमचा नायक जेसन, त्याच्या बिअरच्या बाटलीत बुडबुडे वर चढताना दिसतात, ते थांबवून थांबवून बघतोय. किनाऱ्यावरच्या गर्दीत एकसारखी दोन माणसं सापडतात का ते शोधतोय. मान्य, भारीच आहे सगळं. पण हे झालं बघायचं. खेळायचं काय, यावर कुणी चकार शब्द काढत नाही.

रॉकस्टारचाच रेड डेड २ आठवा. ऑक्टोबर २०१८. एवढं जिवंत जग त्याआधी कुणी उभं केलं नव्हतं. थंडीत घोड्याची वृषणंसुद्धा आक्रसतात, म्हणजे कुणीतरी पगार घेऊन बसून ते केलंय! पण मिशन, म्हणजे कथेतलं नेमून दिलेलं काम, सुरू झालं रे झालं की गळ्यात दोरी. साथीदाराबरोबर जाताना जरा आडवाटेला घोडा घातला की 'साथीदाराला सोडलंस', मिशन फेल. मागून डोंगरावर चढून नेम धरावा म्हटलं, तर तेही नाही. पिवळ्या ठिपक्यापाशी जा, सांगितलेलं बटण दाब, पुढच्या पिवळ्या ठिपक्यापाशी जा. मिशनबाहेर मी राजा, मिशनमध्ये हमाल.

आता जीटीए ६मधली लुसिया आणि जेसन ही नायिका-नायकाची जोडी, दरोडे, अख्खं काल्पनिक लिओनिडा राज्य, हे सगळं परत त्याच पिवळ्या ठिपक्यांवर बसवलं असेल तर? जीटीए ५ सप्टेंबर २०१३चा. म्हणजे १३ वर्षं थांबून आपल्याला जास्त सुंदर दोरी मिळणार. ट्रेलरमध्ये हे कधीच कळत नाही आणि आपण विचारतही नाही. मतं येऊ द्या.

पाचवा तारा :

आले वैतागवाडीचे सरपंच!

चकवा, जीटीए ५च्या २० कोटींहून जास्त प्रती खपल्यात. त्यातल्या किती लोकांनी कथा शेवटपर्यंत खेळली असेल असं वाटतं तुला? लोक काय करतात, तर गाडी चोरतात, रेडिओ लावतात, चुकून हवालदाराला धडक बसते, पोलीस मागे लागल्याचा एक तारा, मग दोन, मग हेलिकॉप्टर येतं आणि पुढचा अर्धा तास कसा गेला कळत नाही. जीटीए म्हणजे हे. मिशन हे जाता-येता करायचं काम. तू जेवण सोडून ताटाच्या नक्षीवर भांडतोयस.

आणि बुडबुड्यांना नावं ठेवू नकोस. वाट बघण्यातली मजा तुला कळलेलीच नाही. गेल्या वर्षी चंद्राच्या कलांवरून दुसऱ्या ट्रेलरची तारीख काढणारी मंडळी होती, आठवतंय? रॉकस्टारने एका चित्रात चंद्र काय काढला, यांनी पंचांगच मांडलं. तारीख साफ चुकली, पण त्या चार दिवसांत जेवढा हसलो तेवढं कुठल्या तयार गेमनेही हसवलं नाही. ट्रेलरचे तुकडे जोडून, इमारतींचे कोन मोजून लोकांनी लिओनिडाचा नकाशा तयार केलाय. फुकट, कुणी न सांगता. हा गेम आमचा सुरू होऊन दोन वर्षं झाली. तू बस वाट बघत.

घोडेस्वार :

चकवाचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष पार चुकीचा.

रेड डेड २मध्ये मिशन बांधलेली आहेत, कारण त्या मिशनमध्ये माणसं बोलतात. दरोड्याच्या आधी दहा मिनिटं घोड्यावरून जाताना नायक आर्थर आणि साथीदार जॉन काय बोलतात, कोण गप्प होतो, टोळीप्रमुख डचच्या नावावर कोण नजर चुकवतो, सगळी गोष्ट तिथे घडते. तुला डोंगरावर चढून नेम धरायला दिला असता तर हा संवाद कुणाशी झाला असता, दगडाशी? शेवटी आर्थर जातो तेव्हा घशात आवंढा येतो, तो त्या दोरीमुळेच येतो.

लुसिया-जेसनचंही तेच. रॉकस्टारच्या साइटवर वाचलं असेल : लुसियाला तिच्या बापाने चालता येऊ लागल्यापासून मारामारी शिकवली, घरच्यांसाठी लढताना ती तुरुंगात गेली. जेसन सैन्यात जाऊन आला आणि आता लिओनिडातल्या कीज बेटांवर ड्रग्जवाल्यांची कामं करतो. दोघांचा एकमेकांवर विश्वास बसतो की उडतो, हाच गेम असणार. ते दाखवायचं तर दिग्दर्शकाला कॅमेरा हातात ठेवावाच लागेल. मला दोरी चालेल. गोष्ट फुसकी निघाली तर मात्र चालणार नाही. भीती कसली वाटून घ्यायची तर त्याची वाटून घ्या. डॅन हाउजर २०२०मध्येच रॉकस्टार सोडून गेलाय. इतकी वर्षं मुख्य लेखक तोच होता.

चकवा :

@पाचवा तारा, मोकळं फिरायला मीच पहिला असतो. पण तो आनंद २००२च्या व्हाइस सिटीतही होता. त्याच शहरात २४ वर्षांनी परत जाताना नवं काय, एवढंच विचारतोय.

@घोडेस्वार, हाउजरबद्दलचा मुद्दा दमदार आहे, त्यावर वाद नाही. पण गोष्ट हवी म्हणून दोरी हवीच, हे मला पटत नाही. रॉकस्टारनेच ते खोटं ठरवलंय. जीटीए ५मधला सराफाच्या दुकानाचा दरोडा घ्या. दणक्यात घुसायचं की एसीच्या वाटेने गॅस सोडून सगळ्यांना झोपवायचं, तुम्ही ठरवायचं. हॅकर स्वस्तातला घेतला तर अलार्म लवकर वाजतो. नेमबाज स्वस्तातला घेतला तर पळताना तो मोटरसायकलवरून पडून मरतो, आणि त्याला मी निवडलेला असतो! मायकेल-फ्रँकलिन या नायकांची गोष्ट यात कुठे अडली? उलट आत घुसली. मग बाकीच्या मिशनमध्ये तेवढी मोकळीक का नाही?

आणि झेल्डा मालिकेतला टिअर्स ऑफ द किंगडम बघा. मे २०२३. नदी ओलांडायची असेल तर ओंडके जोड, तराफा कर, नाहीतर भला लांब पूल करून पलीकडे टाक. गेम तुमच्याकडे बघत गप्प बसतो. रॉकस्टारकडे एवढी माणसं, एवढा पैसा. त्यांना गप्प बसणं जमत नाही.

घोडेस्वार :

झेल्डात पूल लक्षात राहतात, माणसं राहत नाहीत. बस, एवढंच म्हणतो.

माऊस-कीबोर्ड :

तुमचं छान चाललंय. तारीख मिळाल्यावर तरी भांडताय. आमच्या पीसीवाल्यांची तारीखच नाही. पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एवढीच घोषणा आहे. जीटीए ५ पीसीवर एप्रिल २०१५मध्ये आला, कन्सोलनंतर १९ महिन्यांनी. रेड डेड २ वर्षभराने. म्हणजे तुम्ही १९ नोव्हेंबरला शेवट फोडणार आणि मी वर्ष-दीड वर्ष युट्युबच्या वाटेला न जाता जगणार. कॉमेंटमध्ये शेवट सांगणाऱ्याला आत्ताच सांगून ठेवतो, शाप लागेल.

पाचवा तारा, तुझ्या त्या नकाशाचीही पुढची गोष्ट सांग ना. तोच नकाशा एकाने जीटीए ५मध्ये खेळता येईल असा मॉड (चाहत्याने गेममध्ये केलेली भर) म्हणून बनवला, आणि यंदा रॉकस्टारच्या मालक कंपनीने, टेक-टूने, कॉपीराइटचा बडगा उगारून तो उतरवायला लावला. चाहत्यांचं प्रेम त्यांना ट्रेलरच्या आकड्यांपुरतं हवंय. पहिल्या ट्रेलरला पहिल्या २४ तासांत ९ कोटी व्ह्यूज दिले आपण, तेव्हा कुणाची हरकत नव्हती.

चकवाला एक मुद्दा माझ्याकडून फुकट : मिशनची दोरी ही दुय्यम भीती आहे. खरी भीती ऑनलाइनची, म्हणजे इंटरनेटवर इतरांबरोबर खेळायच्या भागाची. जीटीए ५च्या कथेला पुढचा भाग मिळालाच नाही, सगळी ताकद जीटीए ऑनलाइनने खाल्ली. शार्क कार्ड (ऑनलाइनमधले खोटे पैसे, खऱ्या पैशांनी घ्यायचे) विकून घर चालतंय म्हटल्यावर कथेवर कोण मेहनत घेणार? यावेळी कथा म्हणजे ऑनलाइनच्या दारावरची रांगोळी ठरू नये, एवढी इच्छा.

पाचवा तारा :

मॉडबद्दल सहमत, तो प्रकार रडीचा होता. पण ऑनलाइनच्या काळातच त्यांनी रेड डेड २ची एवढी मोठी कथा बनवली, ते कसं विसरलास? शार्क कार्डच्या पैशावरच आर्थर उभा राहिला असं म्हणायलाही जागा आहे.

सावली :

एवढा वेळ वाचत होते. तारखेवर बोलू नका म्हणालात, तरी बोलते, कारण सगळ्यांनी गृहीत धरलंय की उशीर म्हणजे दर्जा. रॉकस्टारच्या निवेदनातही तेच, गेमला अपेक्षित सफाई आणायला जास्तीचे महिने हवेत. सायबरपंक २०७७ एकाच वर्षात तीनदा पुढे गेला, १० डिसेंबर २०२०ला आला आणि आठ दिवसांत सोनीने तो प्लेस्टेशन स्टोअरवरून काढून टाकला. रॉकस्टारच्याच नावावर २०२१ची ती जुन्या तीन जीटीए गेम्सची 'डेफिनिटिव्ह' आवृत्ती आहे. पाऊस असा पडायचा की रस्ता दिसेना.

दुसरं, ही सफाई कुणाच्या तासांतून येते? २०१८मध्ये आठवड्याला १०० तास काम केल्याचं हाउजर स्वतःच बोलून गेला होता. आता ऑक्टोबरअखेर रॉकस्टारने तीसहून जास्त कर्मचारी काढले. युनियन म्हणते, संघटना मोडायला काढले. कंपनी म्हणते, गोपनीय माहिती बाहेर दिली म्हणून काढले. खरं-खोटं यथावकाश कळेल. पण बाटलीतला बुडबुडा बघताना मला तो बनवणारा माणूस घरी कधी गेला असेल, हे आठवतं. चकवा, तुझ्या 'कुणीतरी पगार घेऊन बसून केलंय' या वाक्यावर हसले, आणि मग हसू गेलं.

घोडेस्वार :

सावली, १०० तासांबद्दल एक दुरुस्ती : हाउजरने नंतर खुलासा केला होता की ते लेखनाच्या छोट्या वरिष्ठ गटाबद्दल होतं, आणि तेही तीन आठवड्यांपुरतं. बाकी मुद्दा मान्य.

सावली :

खुलासा माहीत आहे. पण त्यानंतर तिथल्याच बऱ्याच जणांनी आपापल्या जादा तासांबद्दल सांगितलं, तेही वाच. आणि म्हणूनच माझं मत तुम्हा दोघांच्या उलट आहे. उशीर झाला तर होऊ दे, पण जग लहान करा. व्हाइस सिटी, कीज, ग्रासरिव्हर्स, पोर्ट गेलहॉर्न, अँब्रोसिया, माउंट कलागा, एवढं सगळं मागितलंय कुणी? एक शहर द्या, नीट द्या.

पाचवा तारा :

मी मागितलंय! माउंट कलागावरून गाडी खाली सोडायची आहे मला. एकही झाड कमी करू नका.

तिरकस :

सगळ्यांना सिल्कसाँग या गेमचा उतारा. तीन माणसांची टीम. २०१९मध्ये घोषणा, मग जवळजवळ मौनव्रत, मग यंदा ऑगस्टमध्ये 'दोन आठवड्यांनी येतोय' आणि ४ सप्टेंबरला खरंच आला. स्टीमसकट गेम विकणारी सगळी ऑनलाइन दुकानं आडवी झाली. ना बुडबुडे, ना चंद्र. कमी बोला, गेम द्या.

पाचवा तारा :

मौनव्रतात चाहते शहाणे राहिले असं वाटतंय का तुला? 'आज सिल्कसाँगची बातमी नाही' एवढं सांगायला रोज व्हिडिओ टाकणारं चॅनेल चालत होतं. विदूषकाचा मुखवटा त्या लोकांची कायमची ओळख झाली. बोललं तरी वेडे, नाही बोललं तरी वेडे.

अवांतर : जीटीए ६मधला कॅल हॅम्प्टन कुणी लक्षात घेतला का? जेसनचा मित्र. घरात बसून बिअर पीत तटरक्षक दलाचं बोलणं चोरून ऐकतो आणि सगळीकडे कटकारस्थान बघतो. आपलंच चित्र काढलंय हरामखोरांनी. दुसऱ्या ट्रेलरचं पहिलंच दृश्य काय, तर जेसन छपरावर, 'गळती' दुरुस्त करतोय! २०२२मध्ये गेमचे ९०च्या आसपास व्हिडिओ फुटले (लीक झाले) त्याचा टोमणा. एवढी विनोदबुद्धी शाबूत असलेले लोक मिशन कंटाळवाणी करतील, हे मला पटतच नाही.

चकवा :

विनोद मिशनच्या आत आहे की कटसीनमध्ये (नुसत्या बघायच्या दृश्यांत), प्रश्न तोच तर आहे :)

असो, माझी चाचणी ठरली. पहिल्याच मोठ्या मिशनमध्ये ठरलेली गाडी घ्यायची नाही. समोरून येणारा ट्रक चोरायचा, दुसऱ्या गल्लीने जायचं, जेसनला मागे ठेवायचं. गेमने 'जेसनला सोडलंस' म्हटलं, तर इथे येऊन लिहीन. जेसनने फोन करून शिव्या दिल्या आणि मिशन तसंच चालू राहिलं, तरीही लिहीन, आणि मग महिनाभर इथे दिसणार नाही.

घोडेस्वार :

आणि त्या फोनवरचा संवाद चांगला लिहिलेला असेल तर मी माझा पहिला प्रतिसाद मागे घेईन. असला तरच.

माऊस-कीबोर्ड :

लिहा, लिहा. फक्त वर 'रहस्यभेद' असं ठळक लिहून खाली वीस ओळी रिकाम्या सोडा. मी २०२८मध्ये वाचेन.