उंडीचं बी का रुजत नाही?
वाळूत लावलेलं उंडीच्या झाडाचं बी दोन महिने झाले तरी उगवलं नाही, अशी एकाची तक्रार होती; त्यावर वाळू काढून काळी माती भरा, असा सल्ला कुणी दिला. तो पटला नाही. उंडी मुळात किनाऱ्यावरच्या पुळणीतलीच; तिला वाळू बाधत नाही. अडचण कवचाची आहे. ते टणक, आतून बुचासारखं, म्हणूनच फळ समुद्रात तरंगत लांब जातं. पण त्याच कवचामुळे पाणी गरापर्यंत, म्हणजे आतल्या मगजापर्यंत, उशिरा पोचतं. अख्ख्या बीला साधारण २ महिने लागतात, कवच काढलेला गर ३ आठवड्यांच्या आसपास अंकुरतो.

पिकून पडलेलं ताजं फळ घ्या, साल सोलून कवचावर हातोडीने हलके ठोके द्या. गराला चीर गेली तर तिथूनच तो कुजतो, त्यामुळे घाई अजिबात नको. २ सेंटिमीटर खोल लावा, पाणी साचू देऊ नका.